हिरवी ढाल

पावसाळ्यात सायकल चार दिवस बाहेर भिजत राहिली, तर तिला गंज चढतो. मग दोन हजार वर्षे ओल्या मातीत पडलेल्या शस्त्राचे काय होत असेल?

व्हिएतनामची राजधानी हनोई. तिच्याजवळ को लोआ हा मातीच्या तटांचा जुना किल्ला आहे. तिथली दंतकथा अशी, की आन झुओंग वुओंग राजाला सोन्याच्या कासवाने आपले नख दिले. त्या नखाचा खटका बसवलेले धनुष्य एका दमात हजारो बाण सोडी! ही झाली गोष्ट. पण १९५९ साली तिथे जमिनीखाली खरोखरच बाणांची सुमारे १०,००० टोके सापडली. सगळी ब्राँझची! दक्षिणेला थान होआ प्रांतात, मा नदीकाठच्या डोंग सोन गावीही १९२४ पासून ब्राँझचे खंजीर, भाल्यांची पाती, कुऱ्हाडी मिळाल्या.

ही शस्त्रे टिकली कशी? ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील यांचे मिश्रण. मातीतले पाणी आणि हवा लागली, की त्यावर आधी तांबूस थर धरतो, मग त्यावर हिरवा. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पोपडे गळतात आणि आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. ब्राँझवरचा थर मात्र घट्ट बसला, तर पाण्याला आत शिरू देत नाही. म्हणजे बघा, आपण ज्याला मळ म्हणू, तीच त्या शस्त्राची ढाल! खोल चिखलात हवा पोचत नाही, तिथे तर झीज आणखी मंदावते. तांब्याचे क्षार जंतूंना मारक असतात. त्यामुळे पात्याला चिकटलेले कापडाचे धागेसुद्धा कधी कधी त्या थरात टिकून राहतात.

या ढालीचा एक वैरी आहे, मातीतले मीठ. त्यातले क्लोराइड थराखाली दडून बसते. वस्तू बाहेर काढली आणि दमट हवा लागली, की फिकट हिरवी भुकटी सुटते, धातूला खड्डे पडतात. याला ‘ब्राँझचा रोग’ म्हणतात. म्हणून संग्रहालयात अशा वस्तू कोरड्या हवेत ठेवतात.

घरचे तांब्याचे भांडे चिंचेने घासले, की लख्ख होते. भांड्याला ते ठीक आहे. पण जुन्या शस्त्राची मूळ नक्षी त्या हिरव्या थरातच असते. चिंच लावली, की थर गेला, नक्षी गेली, धाग्यांची खूणही गेली!

तेव्हा मुलांनो, शेतात किंवा नदीकाठी एखादी जुनी वस्तू दिसली, तर घासू नका, हलवूही नका. जागा लक्षात ठेवा, घरी सांगा. आणि पालकांनो, तुम्ही पुरातत्त्व खात्याला जरूर कळवा.