मृत्युपत्र, विश्वस्त आणि वेगळी वही

पुढील हंगामाचे बी कोणत्या कणगीत भरावे आणि त्यास कीड लागू नये म्हणून काय घालावे, याचा विचार आपला शेतकरी सुगी संपण्यापूर्वीच करून ठेवितो. परंतु आपल्या पश्चात जमीन कोणाच्या हाती जावी, मुले अज्ञान असल्यास तोवर ती कोणी राखावी, आणि राखणाराने हिशेब कोणास द्यावा, हे प्रश्न मात्र "अजून पुष्कळ अवकाश आहे" एवढ्या एका वाक्यावर पुढे ढकलले जातात. मरण हंगाम पाहून येत नाही. यास्तव या मासिकाच्या वाचकांपुढे आम्ही आज हा विषय मांडीत आहो.

या विषयाची दोन अंगे आहेत. हयातीत लेख करून ठेवणे हे पहिले, आणि ज्याच्या हाती दुसऱ्याचे वित्त आले त्याने ते नीट राखणे हे दुसरे. पहिल्याविषयी थोडेबहुत बोलले जाते, दुसऱ्याविषयी जवळजवळ नाहीच. महसूल खात्याच्या दप्तरात आयुष्य घालविल्यावर आमचा ग्रह असा झाला आहे की, कुटुंबे कोर्टात जातात ती लबाडीपेक्षा सरमिसळीमुळे अधिक. हेतू चांगला असतो, पण वही वेगळी नसते.

विश्वस्त म्हणजे शहरातील श्रीमंतांच्या घरची वस्तू, असा आपला समज आहे, तो चुकीचा आहे. सातबाराच्या उताऱ्यावर "अ. पा. क." असा शेरा पुष्कळांनी पाहिला असेल. अज्ञान मुलाच्या वतीने कोणी पालनकर्ता जमीन पाहतो, असा त्याचा अर्थ. "ए. कु. मॅ." हा शेरा असला म्हणजे वडील भावाचे नाव हे एकत्र कुटुंबाच्या वतीने लागलेले असून जमीन त्याच्या एकट्याची नव्हे, असे समजावे. बँकेत ज्याचे नाव वारसनोंदीच्या रकान्यात लिहिले, त्यास रक्कम मिळते, पण ती त्याच्या मालकीची होत नाही. ठेवीदाराच्या खऱ्या वारसांचा हक्क कायम राहतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा निकाल आहे. म्हणजे पालनकर्ता, कुटुंबाचा पुढारी व बँकेतील नामनिर्देशित इसम, हे सर्व कमीअधिक प्रमाणात दुसऱ्याचे वित्त सांभाळणारेच होत.

आता ज्या तऱ्हेचे कज्जे वारंवार दृष्टीस पडतात, त्यांचा एक नमुना सांगतो. दोघा भावांची वाटणी रीतसर होऊन सहा एकर धाकट्याच्या वाट्यास आले. पुढे धाकटा व त्याची बायको निवर्तली आणि चार वर्षांचा मुलगा चुलत्याच्या पदरी आला. चुलत्याने त्यास पोटच्या पोरासारखे वाढविले, शाळेत घातले, आजारपणे काढली. सहा एकरांचे पीक आपल्याच खळ्यावर आले, आपल्याच नावे विकले गेले. एके वर्षी विहिरीचे काम निघाले म्हणून पुतण्याच्या जमिनीपैकी दोन एकर विकली. घेणाराने पुरी किंमत दिली. पुतण्या अठरा वर्षांचा झाल्यावर कोणीतरी त्यास उतारा दाखविला, आणि ज्याने वाढविले त्याच्यावर फिर्याद झाली.

चुलता अप्रामाणिक होता काय? मुळीच नाही. कदाचित पुतण्यावर त्याने उत्पन्नाहून अधिकच खर्च केला असेल. पण चौदा वर्षांचा एक कागद त्याजपाशी नव्हता. शिवाय १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाप्रमाणे केवळ वस्तुतः पालक असलेल्या इसमास अज्ञानाची मिळकत विकण्याचा अधिकारच नाही. खुद्द आईबापासदेखील अज्ञानाची स्वतंत्र स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता वा गहाण टाकता येत नाही. पाच वर्षांहून अधिक मुदतीने, किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षापलीकडे जाईल अशा मुदतीने, ती पट्ट्यानेही देता येत नाही. मृत्युपत्राने नेमलेल्या पालकासही हेच बंधन आहे. परवानगीचा एक अर्ज वेळेवर झाला असता तर विहीरही झाली असती, घेणाराचे पैसेही बुडाले नसते, आणि घर दुभंगले नसते.

लेख करून ठेवला म्हणजे सर्व भागले, असेही नव्हे. लेख कायद्याच्या मर्यादेत बसला पाहिजे. बंगालचे प्रसन्नकुमार टागोर हे मोठे जमीनदार व नामांकित वकील. कलकत्ता विद्यापीठातील कायद्याची टागोर व्याख्याने त्यांच्याच देणगीतून सुरू झाली. त्यांचा मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला होता. १८६८ साली प्रसन्नकुमार वारले, तेव्हा मृत्युपत्राने मुलास वगळून मिळकत विश्वस्तांच्या स्वाधीन केलेली होती. प्रथम पुतण्या जतींद्रमोहन याने तहहयात उपभोग घ्यावा, नंतर त्याच्या पुरुषसंततीने, अशी अजून न जन्मलेल्या पिढ्यांपर्यंतची साखळी त्यांनी बांधली होती. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १८७२ साली निकाल लागला तो असा की, पुतण्याचा तहहयात हक्क खरा, पुढची साखळी रद्द, आणि त्यानंतर मिळकत वगळलेल्या मुलाकडे जावी. १९१६ च्या कायद्याने न जन्मलेल्या इसमास देणगी देण्याची काही मर्यादित मोकळीक मिळाली आहे, परंतु बोध तोच आहे. सात पिढ्यांचा बंदोबस्त करू पाहणाराचा एका पिढीचाही बंदोबस्त होत नाही.

मृत्युपत्र करणे कठीण नाही. त्यास स्टँप लागत नाही, साधा कागद चालतो. करणारा सज्ञान व शुद्धीवर असावा. त्याने दोन साक्षीदारांदेखत सही करावी आणि साक्षीदारांनी त्याच्यासमक्ष सह्या कराव्या. ज्यास मिळकत द्यावयाची त्यास अगर त्याच्या पतीस वा पत्नीस साक्षीदार करू नये. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान असावे, म्हणजे पुढे ते साक्षीस हयात राहण्याचा संभव अधिक. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवणे हिताचे. मोहरबंद पाकिटात घालून जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणूनही मृत्युपत्र देता येते. जमिनीचा गट नंबर, क्षेत्र व आपला हिस्सा उताऱ्यावरून उतरवून घ्यावा. "विहिरीकडचे शेत" एवढे लिहून भागत नाही.

येथे एक गोष्ट हिंदू वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. मनुष्यास मृत्युपत्राने स्वतःचाच हिस्सा देता येतो, दुसऱ्याचा नव्हे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणे जन्मतः हिस्सा आहे. आपल्या महाराष्ट्राने १९९४ साली तसा कायदा केला, २००५ साली तो सर्व देशास लागू झाला, आणि त्या वेळी बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क तोच, असा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निर्णय दिला. बहिणींस न विचारता केलेली वाटणी म्हणजे पुढच्या पिढीसाठी पेरलेला कज्जा होय. बहीण खुशीने सोडीत असेल तर हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावे. तोंडी शब्दावर विसंबू नये.

ज्यांच्या घरी अज्ञान, अपंग वा व्यवहारास असमर्थ माणूस आहे, त्यांनी विश्वस्त नेमण्याचा विचार जरूर करावा. खाजगी विश्वस्तव्यवस्थेस १८८२ चा अधिनियम लागू आहे. स्थावर मिळकतीची अशी व्यवस्था नोंदणीकृत लेखाने अगर मृत्युपत्रानेच करता येते. विश्वस्त एकच नसावा. दोन वा तीन असावे आणि त्यांत एक घराबाहेरचा असावा. एक मेला वा थकला तर त्याच्या जागी कोणास नेमावे, हेही लेखातच लिहावे. १९४८ च्या कूळकायद्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या नावे होण्यास निर्बंध आहेत, म्हणून विश्वस्त निवडताना व लेख करताना जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. त्या फीची काटकसर महाग पडते.

आता विश्वस्तांच्या हातून नेहमी होणाऱ्या चुका क्रमाने सांगतो.

पहिली चूक सरमिसळीची. आपले व दुसऱ्याचे पीक एका पट्टीवर विकले आणि पैसा एकाच खात्यात भरला, की पुढे ते वेगळे करणे ब्रह्मदेवासही साधणार नाही. बँकेत स्वतंत्र खाते असावे, अडत्याची पट्टी स्वतंत्र घ्यावी, वही स्वतंत्र ठेवावी. लाभार्थ्याने मागितल्यास हिशेब दाखविणे विश्वस्तावर कायद्याने बंधनकारक आहे.

दुसरी चूक एकट्याने कारभार करण्याची. लेखात निराळे लिहिले नसेल तर सर्व विश्वस्तांनी मिळून काम करावयाचे असते. "तुम्ही पाहून घ्या, मी सही करतो" असे म्हणणारा विश्वस्त आपली जबाबदारी टाळू शकत नाही.

तिसरी चूक स्वतःच घेणारा होण्याची. लाभार्थ्याचा हक्क विश्वस्ताने न्यायालयाच्या परवानगीवाचून विकत, गहाण वा पट्ट्याने घेऊ नये. मेहुण्याच्या नावे घेतल्यानेही तो दोष जात नाही. किंमत वाजवी दिली, हे उत्तर तेथे पुरत नाही.

चौथी चूक पट्ट्याची. खाजगी विश्वस्ताने न्यायालयाच्या परवानगीवाचून एकवीस वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा देऊ नये, आणि खंड वाजवी असेल तितका जास्तीत जास्त घ्यावा. नात्यागोत्याकडे पाहून कमी खंडाने दिलेली जमीन म्हणजे लाभार्थ्याच्या ताटातून वाढलेले दान होय.

पाचवी चूक मोबदल्याची. लेखात लिहिले नसेल तर विश्वस्तास मेहनताना मिळत नाही. पदरचा योग्य खर्च मात्र तो वसूल करू शकतो. म्हणून बी-खत, मजुरी, पाणीपट्टी, शेतसारा यांची पावती जपून ठेवावी. मुबलक काम असेल अशा ठिकाणी मोबदला लेखातच ठरवून देणे न्यायाचे आहे.

सहावी चूक शेवटची व फार मोठी. काम संपले, मुलगा सज्ञान झाला, जमीन त्याच्या हाती दिली, पण हिशेब मिटविल्याचा लेख घेतला नाही. हिशेब तपासून घेऊन "आता काही येणे नाही" अशी लेखी पोच मागण्याचा विश्वस्तास हक्क आहे. तो त्याने अवश्य बजावावा. त्याच दिवशी "अ. पा. क." हा शेरा कमी करण्याचा अर्जही द्यावा. मुलगा पन्नाशीस आला तरी उताऱ्यावर अज्ञानच राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

गावच्या देवस्थानावर वा शिक्षणसंस्थेवर जे पंच आहेत, त्यांस १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा लागू आहे. तेथे शेतजमिनीचा दहा वर्षांवरील पट्टा आणि कोणतीही स्थावर विक्री धर्मादाय आयुक्ताच्या पूर्वमंजुरीवाचून कायदेशीर होत नाही. विश्वस्त बदलल्यास नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. जुने पंच मरून नवे नोंदलेच नाहीत, आणि देवाची जमीन कोणाच्या सहीने राखावी हेच ठरेना, अशी स्थिती गावावर येऊ देऊ नये.

घरात मृत्यू झाल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसाची वर्दी तलाठ्याकडे द्यावी, असे १९६६ च्या महसूल अधिनियमात आहे. मयताच्या नावे उतारे वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात, म्हणूनच शासनास २०२५ साली "जिवंत सातबारा" ही मोहीम हाती घ्यावी लागली. वर्दी देताना मुली, विधवा व मयताची आई यांची नावे वगळू नयेत. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली, असाही भ्रम नसावा. फेरफार ही सारा वसुलीसाठी ठेवलेली नोंद आहे, आणि विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच ती खरी धरली जाते. हक्क लेखाने व कायद्याने येतो, नोंदीने केवळ कळतो.

असो. हा सर्व विस्तार वाचून कोणास वाटेल की, आपसातल्या माणसांत एवढे कागद कशास पाहिजेत? आमचे म्हणणे उलट आहे. परक्याशी बिघडले तर एक व्यवहार जातो, आपल्याशी बिघडले तर घर जाते. हिशेबाची वही ठेवणे म्हणजे भावावर अविश्वास नव्हे. आपल्या मागे आपल्यासाठी बोलणारी तीच एक साक्ष आहे. तेव्हा येत्या पाडव्यास नव्या वहीचे पूजन कराल, त्या वेळी ज्याच्या हाती दुसऱ्याची जमीन असेल त्याने एक नव्हे, दोन वह्या घ्याव्या.