सायटोकाइनचे ग्राही आणि आमवाताची चिकित्सा

सिद्धेश्वर परिसरातील आमच्या चिकित्सालयात आमवाताचे रुग्ण वर्षभर येतात. अलीकडे त्यांपैकी काहींच्या पिशवीत टोफॅसिटिनिबच्या गोळ्या असतात आणि तोंडी एकच मागणी असते, "डॉक्टरसाहेब, प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीतरी द्या." मागणी साधी वाटते, परंतु ती गोळी प्रतिकारशक्तीचा एक संदेश कमी करण्यासाठीच दिलेली असते. म्हणून हा संदेश कसा चालतो, हे वैद्यबंधूंनी जाणून घेणे आवश्यक आहे, असे आम्हास वाटते.

ग्राही म्हणजे काय?

सायटोकाइन ही पेशींनी परस्परांना संदेश देण्यासाठी स्रवलेली लहान प्रथिने होत. रक्तातून ती सर्वत्र पोहोचतात, पण प्रत्येक पेशी त्यांना प्रतिसाद देत नाही. ज्या पेशीच्या पृष्ठभागावर त्या सायटोकाइनचा ग्राही, म्हणजे रिसेप्टर असतो, तीच प्रतिसाद देते. येलदरीतून सोडलेले पूर्णेचे पाणी सिद्धेश्वर धरणात अडविले जाते व तेथून कालव्याने शेतीस मिळते. कालवा अनेक शिवारांतून जातो, पण भिजते तेच शेत, ज्यास चारी आहे. ग्राहीचे कार्य असेच समजावे.

इंटरल्युकिन-6 हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा स्वतःचा ग्राही यकृतपेशी व काही श्वेतपेशींवरच आढळतो. मात्र त्यास साहाय्य करणारे जीपी-130 हे प्रथिन जवळजवळ सर्वच पेशींवर असते. ग्राहीचा काही अंश सुटा होऊन रक्तात फिरतो, इंटरल्युकिन-6 शी संयोग पावतो आणि मग जीपी-130 असलेल्या कोणत्याही पेशीस संदेश देतो. चारी नसलेल्या शेतातही पाणी शिरावे, तसे हे होते. आमवाताशी साम्य असलेल्या रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सांध्याच्या आवरणातील शोथ चालू ठेवण्यात या मार्गाचा मोठा वाटा मानला जातो.

संदेश आत कसा जातो?

सायटोकाइन ग्राहीस चिकटताच ग्राहीचे घटक एकत्र येतात व त्यांच्या आतील बाजूस असलेली जॅक नावाची विकरे जागृत होतात. ती स्टॅट नावाच्या प्रथिनांना फॉस्फेट जोडतात. अशी स्टॅट प्रथिने जोडीने पेशीकेंद्रात जाऊन विशिष्ट जनुके कार्यान्वित करतात. यकृतपेशीत स्टॅट-3 मुळे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे आपल्या परिचयाचे सीआरपी, तयार होऊ लागते. लक्षणीय गोष्ट अशी की, स्टॅट-3 च सॉक्स-3 हे प्रथिनही निर्माण करविते व ते संदेश थांबविते. पाणी देणाऱ्याबरोबर दारे धरणारा गडीही शेतात उभा असतो. निरोगी अवस्था म्हणजे या दोहोंचे समत्व होय.

समत्व बिघडल्यास

संदेश अल्प झाला तरी घात होतो. इंटरल्युकिन-2, 4, 7, 9, 15 व 21 या सहांच्या ग्राहींमध्ये एक समान गॅमा शृंखला असते. ती जन्मतः सदोष असल्यास बालकास जंतुसंसर्गापासून संरक्षणच उरत नाही. ही गोष्ट 1993 मध्ये सिद्ध झाली.

संदेश अतिरिक्त झाल्यास काय होते, ते 2020 च्या कोविड साथीत सर्वांनी पाहिले. टोसिलिझुमॅब हे नाव तेव्हाच महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. हे औषध इंटरल्युकिन-6 नष्ट करीत नाही, त्याचा ग्राही अडविते. त्यामुळे औषध दिल्यावर रक्तातील इंटरल्युकिन-6 वाढलेले दिसते, तरीही शोथ कमी होतो. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत, प्राणवायू कमी पडलेल्या व सीआरपी वाढलेल्या रुग्णांत 28 दिवसांतील मृत्यू 35 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. टोफॅसिटिनिब ग्राहीस न अडविता आतील जॅक विकरांना, विशेषतः जॅक-1 व जॅक-3 यांना, रोखते.

गुळवेलीविषयी

गुळवेलीतील अरॅबिनोगॅलॅक्टन हा बहुशर्करिक घटक प्रतिकारपेशींना उद्दीपित करतो, असे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी दाखविले आहे. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला; त्याचे स्वरूप स्वयंप्रतिकारात्मक यकृतदाहासारखे होते. वनस्पतीची ओळख निश्चित केलेली नाही व सदृश जातीशी गल्लत संभवते, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप विचारार्ह आहे. तथापि ज्याची प्रतिकारपेशी स्वतःच्याच धातूंवर उलटली आहे, त्यास उद्दीपक द्रव्य देताना सावध राहणे हे आपलेच कर्तव्य आहे.

चिकित्सकाने काय करावे?

1. रुग्णाच्या सर्व औषधांची नावे प्रत्यक्ष वेष्टनावरून वाचावीत. गोळी किंवा इंजेक्शन आपल्या सांगण्यावरून बंद करवू नये. मूळ तज्ज्ञाशी पत्राने अथवा दूरध्वनीने बोलावे.

2. टोसिलिझुमॅब घेणाऱ्यात ज्वर व सीआरपी दोन्ही दबलेले असू शकतात. जॅकरोधक औषधांनीही सीआरपी उतरते. सीआरपी कमी आहे म्हणून आम गेला किंवा संसर्ग नाही, असा निष्कर्ष काढू नये.

3. अशा रुग्णांत क्षयाचा धोका वाढतो व जॅकरोधकांनी नागीणही अधिक होते. दीर्घकाळ खोकला, वजन घटणे किंवा रात्री घाम येणे यांकडे आमवाताचे उपद्रव म्हणून पाहू नये, तपासणीस पाठवावे.

4. स्वयंप्रतिकार व्याधी किंवा यकृतविकार असल्यास गुळवेल देण्यापूर्वी यकृताची तपासणी करावी, द्रव्याची ओळख पटवावी आणि कावीळ दिसताच औषध थांबवावे.

व्याधिक्षमत्व म्हणजे रोग होऊ न देणे व झालेल्या रोगाच्या बलास विरोध करणे, असे आपण शिकलो. त्यात केवळ वाढ अपेक्षित नाही, समत्व अपेक्षित आहे. म्हणून "काहीतरी द्या" म्हणणाऱ्या रुग्णास आम्ही प्रथम त्याची पिशवी उघडण्यास सांगतो.