डावी कूस फुगली तर...

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

पहिल्या पावसानंतर बांधावर कोवळे गवत उठते. उन्हाळाभर कडब्यावर काढलेले जनावर त्यावर तुटून पडते, आणि थोड्या वेळाने गाय बेचैन दिसू लागते. ऊठबस करते, पोटाकडे वळून पाहते, रवंथ बंद. शेवटच्या बरगडीमागचा डावीकडचा खळगा, म्हणजे भकाळी, भरून वर आलेली असते. टिचकी मारली की ढोलासारखा आवाज येतो. ही पोटफुगी. एकदोन गाईंवर ज्यांचे घर चालते, त्यांना डॉक्टरांची वाट पाहायलाही ती कधी कधी सवड देत नाही.

गाईच्या कोटीपोटात चारा आंबत असतो आणि सतत वायू तयार होतो. एरवी ढेकरावाटे तो बाहेर पडतो. ओला लसूणघास किंवा बरसीम पोटभर खाल्ला, की त्याचा चिकट फेस होतो. वायू त्या बुडबुड्यांत अडकतो, ढेकर येत नाही. फुगलेले पोट छातीवर दाब देते. जनावर दगावते ते श्वास कोंडून.

म्हणून आधी डॉक्टरांना निरोप धाडा. १९६२ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठीच आहे. तोवर गाईला आडवी पडू देऊ नका. पुढचे पाय उंचवट्यावर येतील अशी उभी करा. कडुनिंबाची जाड काडी तोंडात आडवी बांधा. ती चघळताना लाळ सुटते, ढेकरही येतो. मोठ्या जनावराला पाव ते अर्धा लिटर गोडेतेल पाजावे, शेळीला पन्नासेक मिलिलिटर पुरे. तेलाने फेस मोडतो. पाजताना मात्र घाई नको. जीभ ओढून धरू नका, मान फार उंच करू नका. ठसका लागला तर लगेच डोके खाली सोडा. तेल फुप्फुसात गेले, तर पोटफुगीतून वाचलेली गाय न्यूमोनियाने जाते.

घशात आंब्याची कोय किंवा बटाटा अडकूनही पोट फुगते. अशा वेळी मान ताणलेली असते, तोंडातून लाळ गळत राहते. तिथे काहीही पाजू नये, डॉक्टरच हवेत.

डाग देण्याची पद्धत अजून काही गावांत आहे. त्याने कातडे भाजते, वायू जिथल्या तिथे. विळ्याने भोसकणे तर त्याहून वाईट. डॉक्टर भकाळीत नळीसह सुई घालतात आणि वायू हळूहळू सोडतात. फेस असेल तर त्या नळीतूनच औषध आत जाते.

लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात आणि पोळ्या गाईपुढे ओतणे आपल्याला पुण्याचे वाटते. त्याने पोटात आम्ल वाढते आणि गाय लुळी पडते. तो आजार वेगळा, उपचारही वेगळे. काय खाल्ले ते डॉक्टरांना न लाजता सांगावे.

आणि लसूणघास द्यायचाच, तर कापून सुकवत ठेवा. सकाळी आधी कडबा घाला, मग घास, तोही थोडा थोडा.