वॉचंगच्या रानात वाटाड्याबरोबर

पिस्कॅटवेच्या उत्तरेस डनेलन व ग्रीन ब्रुक ही गावे ओलांडली की क्षितिजावर एक लांबलचक हिरवी रेघ दिसू लागते. तोच वॉचंगचा डोंगर. त्याची उंची बहुतेक ठिकाणी पाचशे फुटांच्या आसपास. सह्याद्रीचे कडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो डोंगर न वाटता टेकाडच वाटावा. परंतु न्यूयॉर्कसारख्या महानगरापासून पंचवीस-तीस मैलांच्या आत, मोटारींच्या अखंड रांगांच्या शेजारी, येथे हरिणे चरतात, कोल्हे व कायोटी हिंडतात, रानटर्कींचे थवे पाचोळा उकरतात आणि रात्री मोठी शिंगी घुबडे घुमतात. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे या डोंगराच्या पायथ्याशी वर्षानुवर्षे राहात आहेत, पण त्याच्या वाटांवर पाऊल ठेवलेली थोडीच. त्यांच्यासाठी हा लेख.

प्रथम पायाखालच्या दगडाविषयी. वॉचंगचा पाषाण काळा, कठीण व लाव्हारसापासून झालेला आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील आपल्या गावांच्या मागे जे डोंगर उभे आहेत, तेही याच जातीच्या पाषाणाचे. भेद वयाचा आहे. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर वॉचंगचा सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीचा. येथील मूळ रहिवासी लेनापी लोक. ‘उंच टेकड्या’ या अर्थाच्या त्यांच्या शब्दावरून डोंगराला वॉचंग हे नाव पडले असे सांगतात.

रानात एकट्याने जाणे आणि जाणत्याबरोबर जाणे यांत मोठे अंतर आहे. कोकणात परक्या मुलखात शिरताना वाटाड्या बरोबर घेत असत. तो केवळ रस्ता दाखवीत नसे. कोणत्या झाडाला हात लावू नये, कोणते पाणी प्यावे, कोणाची पावले ओल्या मातीत उमटली आहेत, हे सारे तो सांगे. येथे हे काम निसर्गकेंद्रातील अभ्यासक व स्वयंसेवक करतात. युनियन परगण्यातील वॉचंग रिझर्व्हेशन हे सुमारे दोन हजार एकरांचे वन आहे. तेथील ‘ट्रेलसाइड’ हे निसर्गकेंद्र १९४१ साली उघडले. न्यू जर्सी राज्यातील हे पहिलेच निसर्गकेंद्र होय. तेथील जाणकार मंडळी लहानथोरांस बरोबर घेऊन पदभ्रमणास निघतात.

असा वाटाड्या बरोबर असला म्हणजे ज्या रानात आपल्याला केवळ झाडेच दिसत होती, तेथे वस्ती दिसू लागते. खोडावरील लांबट चौकोनी भोक हे कावळ्याएवढ्या, लाल तुऱ्याच्या सुतारपक्ष्याचे काम आहे हे कळते. पिवळ्या-नारिंगी नक्षीचे बॉक्स कासव वाटेत आढळले तर ते घरी नेऊ नये असे तो बजावतो, कारण ते कासव आपल्या ठरावीक टापूतच आयुष्य काढते आणि दूर सोडले तर घर शोधीत भटकत राहते.

दोन सावधगिरीच्या गोष्टीही तो आरंभीच सांगतो. एक म्हणजे ‘पॉयझन आयव्ही’ ही तीन-तीन पानांची वेल. तिच्या स्पर्शाने अंगावर खाजरे फोड येतात. ही वेल आंबा, काजू व बिब्बा यांच्याच कुळातली आहे. बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे. दुसरी गोष्ट गोचिडीची. हरणांच्या अंगावरील बारीक गोचीड माणसास चावल्याने लाइम रोग होऊ शकतो. म्हणून पूर्ण पायघोळ विजार घालावी, तिची टोके मोज्यांत खोचावी, पायवाट सोडू नये आणि घरी परतल्यावर मुलांचे अंग नीट तपासावे. एवढी काळजी घेतली तर भिण्याचे कारण नाही.

आता ऋतूंविषयी. आपल्या सणांची आणि या रानाची वेळापत्रके मोठ्या नवलाने जुळतात. नव्याचा सण येतो त्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला, ‘ब्रॉड-विंग्ड हॉक’ या शिकारी पक्ष्यांचे थवे उत्तरेकडील अरण्यांतून निघून मध्य व दक्षिण अमेरिकेकडे जातात. उन्हाने तापलेली हवा वर चढते, तिच्यावर ते पंख न हलवता गोल गोल उंच जातात आणि मग दक्षिणेकडे घसरत जातात. डोंगराच्या कडेने वर चढणारा वाराही त्यांना साह्य करतो. म्हणून वॉचंगच्या माथ्यावरून ते उत्तम दिसतात. माँटक्लेअर येथे १९५७ सालापासून त्यांची मोजदाद चालू आहे. पिस्कॅटवेकरांना अधिक जवळचे ठिकाण म्हणजे वॉशिंग्टन व्हॅली पार्कमधील चिमणी रॉक. वायव्येचा वारा सुटलेल्या एखाद्या दिवशी तेथून हजारांनी पक्षी जाताना दिसतात. पक्षी कोणाच्या ज्ञानाने दक्षिणेकडे पंख पसरतो, हा इयोबाच्या ग्रंथातील प्रश्न आपण वाचलेला आहे. त्याचा अर्थ या माथ्यावर उभे राहिले म्हणजे अधिक स्पष्ट होतो.

हिवाळा सरताना, पुरीमच्या, म्हणजे आपल्या होळीच्या सणाच्या आगेमागे, दुसरा एक सोहळा घडतो. पहिल्या उबदार पावसाच्या रात्री पिवळ्या ठिपक्यांचे सॅलमँडर जमिनीखालून बाहेर पडून पावसाळी डबक्यांकडे अंडी घालण्यास निघतात. शेजारच्या ईस्ट ब्रन्सविक गावी अशा रात्री बीकमन रोड हा रस्ता मोटारींना बंद करतात, आणि लोक हातात विजेरी घेऊन, पायांखाली पाहात, जपून चालतात. वीतभर लांबीच्या मुक्या जीवांसाठी एक गाव आपला रस्ता बंद करते, ही गोष्ट मुलांना अवश्य दाखवावी.

हे सारे आपोआप टिकलेले नाही. वॉचंगच्या पलीकडे ‘ग्रेट स्वाँप’ ही विस्तीर्ण दलदल आहे. हिमयुगात बर्फाने पाण्याची वाट अडवल्यामुळे तेथे एक मोठे सरोवर झाले होते. त्याचा हा अवशेष. १९५९ सालच्या डिसेंबरात बातमी आली की न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीने तेथे दहा हजार एकरांचा जेट विमानतळ बांधण्याचे योजिले आहे. गावे, शेते व दलदल सारेच नाहीसे होणार होते. तेव्हा आसपासचे नागरिक उठले. ग्रीन व्हिलेज येथील हेलन फेन्स्के या गृहिणीने त्यात पुढाकार घेतला. लोकांनी दहा लाख डॉलरांहून अधिक वर्गणी जमवली, सुमारे तीन हजार एकर जमीन विकत घेतली आणि ती सरकारला या अटीवर दान दिली की ती वन्यजीवांसाठीच राहावी. १९६० साली तेथे राष्ट्रीय अभयारण्य स्थापन झाले आणि १९६८ साली त्याच्या एका भागास कायद्याने कायमच्या अरण्याचा दर्जा मिळाला. विमानतळ झाला नाही. आज तेथील अभ्यागत केंद्रास फेन्स्के यांचेच नाव आहे. दलदलीवरून लाकडी फळ्यांच्या पायवाटा बांधलेल्या असल्याने आपल्या वृद्ध मंडळींनाही तेथे सुखाने फिरता येते.

वॉचंग रिझर्व्हेशनचा लढा मात्र पूर्ण जिंकता आला नाही. ७८ क्रमांकाचा महामार्ग रानातून नेण्यास नागरिकांनी दीर्घकाळ विरोध केला. अखेर १९८६ साली तो झालाच. तथापि त्या विरोधामुळे रस्ता अरुंद खोदात बांधावा लागला, आणि प्राण्यांना ओलांडता यावे म्हणून त्यावर माती व झाडे घातलेले पूल ठेवावे लागले.

एक अवघड प्रश्नही येथे टाळता येत नाही. या रानात आता लांडगे नाहीत. त्यामुळे हरणांची संख्या फार वाढली आणि त्यांनी कोवळी रोपे खाऊन टाकल्याने जुन्या झाडांखाली नवी झाडे उभी राहीनात. परगण्याच्या अधिकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकापासून ठरावीक काळात हरणांची शिकार करविण्यास आरंभ केला. आपल्या धर्मात मुक्या प्राण्यास पीडा देणे निषिद्ध आहे. पिलांवर बसलेल्या पक्षिणीस प्रथम उडवून लावावे, असे तोऱ्याच्या पाचव्या ग्रंथात सांगितले आहे. त्याच ग्रंथात वेढा घातलेल्या नगराचीही फळझाडे तोडू नयेत अशी आज्ञा आहे. हरणाची दया आणि रानाची दया येथे समोरासमोर येतात. सज्जन माणसांचे यावर दोन पक्ष आहेत. प्रस्तुत लेखकास वाटते की रानच उरले नाही तर हरिणही उरणार नाही. परंतु हे मत बनवण्यापूर्वी प्रत्येकाने ते उजाड झालेले तळरान स्वतः पाहावे हे उत्तम.

ही आवड आपल्या समाजास परकी आहे असे कोणी समजू नये. आपल्यापैकीच रूबेन डेव्हिड (१९१२–१९८९) यांनी अहमदाबादेस कांकरिया तळ्याकाठी प्राणिसंग्रहालय उभारले, आणि १९७५ साली भारत सरकारने त्यांस ‘पद्मश्री’ दिली. त्याआधी आपले तेली पूर्वज तीळ, करंज, उंडी ही झाडे-पिके हाताच्या रेषांसारखी ओळखीत होते. मुंबईस आलो आणि ती ओळख सुटली. येथे आलो आणि ती नावेही मुलांच्या कानांवरून गेली. ज्या भूमीवर मुले वाढत आहेत तिची झाडे-पाखरे तरी त्यांनी नावाने ओळखावीत.

अशी पदभ्रमणे अनेकदा शनिवारी ठेवलेली असतात आणि शब्बाथ पाळणाऱ्यांना ती साधत नाहीत. पण रविवारीही ती असतात, आणि दहा-बारा जणांचा समूह जमवून आधी विचारणा केली तर स्वतंत्र वेळ मिळण्याचा संभव असतो. सुक्कोथच्या मधल्या दिवसांत, पाने रंगू लागलेली असताना, दोन-चार कुटुंबांनी मिळून हे करून पाहावे. पाण्याची बाटली, बळकट बूट आणि असल्यास एक दुर्बीण एवढे साहित्य पुरे. डोंगर दिसताच म्हणावयाची बेराखा सिद्दुरात आहेच. ती मुलांकडून म्हणवून घ्यावी, आणि मग वाटाड्याच्या मागे निघावे.