सरळ रेघ वाकडी दिसली तर

या वेळी मी माझ्याच डोळ्याबद्दल लिहिणार आहे. मी डॉक्टर नाही. इथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात चोवीस वर्षं नोकरी केलेली बाई आहे. पण गेल्या साडेतीन वर्षांत उजव्या डोळ्यात सव्वीस इंजेक्शनं घेतली, आणि दर वेळी डॉक्टरांना काही ना काही विचारून त्यांचं डोकं खाल्लं. त्यातून जे समजलं ते सांगते.

सुरुवात मराठी वाचतानाच झाली. शुक्रवारी दुपारी स्वयंपाक आटोपून मी मासिक घेऊन बसले होते. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ एका जागी खाली दबलेली दिसली, दोरीवर ओला कपडा टाकल्यावर दोरी दबते तशी. चष्मा पुसला, दिवा लावला, काही फरक नाही. मग एकेक डोळा झाकून पाहिलं. डाव्या डोळ्याने रेघ सरळ, उजव्याने वाकडी. हिब्रू वर्तमानपत्र मी रोज चाळते, त्यात काही जाणवलं नव्हतं. हिब्रू अक्षरं सुटी सुटी, त्यांच्यावर रेघ कुठे असते?

मी घाबरले, कारण दादा डोळ्यासमोर आला. माझा मोठा भाऊ दिमोनाला असतो, वय ब्याऐंशी. त्याला न्हाणीघरातल्या लाद्यांच्या रेघा वाकड्या दिसत होत्या. तो म्हणाला, वयाचं आहे. दोनदा चष्मा बदलला. शेजाऱ्याने सांगितलं, मोतीबिंदू असेल, पिकू दे. यात पाच महिने गेले. तपासलं तेव्हा उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली व्रण धरला होता, आणि व्रणावर इलाज नाही. आता त्या डोळ्याने माणसाकडे पाहिलं की त्याला केस दिसतात, खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही.

म्हणून मी रविवारी सकाळीच कुपत होलीमला फोन केला. 'नीट दिसत नाही' असं म्हटलं असतं तर तीन महिन्यांनंतरचा तोर मिळाला असता. मी म्हटलं, 'एका डोळ्याने सरळ रेघ अचानक वाकडी दिसायला लागली आहे.' त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांनी पाहिलं. हे वाक्य हिब्रूत नातवंडांकडून कागदावर लिहून घ्या आणि फोनजवळ ठेवा.

आजाराचं नाव मॅक्युलाची झीज. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला नावाचा छोटासा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं, सगळं त्याच्यावर चालतं. झीज दोन प्रकारची. कोरडी हळूहळू चालते आणि बहुतेकांना तीच असते. ओली थोड्यांना होते, पण ती काही आठवड्यांत नजर नेऊ शकते. माझी ओली.

ओली का म्हणतात? पडद्यामागे नको तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या कच्च्या असतात, झिरपतात, आणि त्या पाण्याने पडदा उचलला जातो. पडदा वाकला म्हणून रेघ वाकडी. आणि या वाहिन्यांना उगवायला सांगणारं एक प्रथिन आहे, व्ही-ई-जी-एफ. ते आपल्याच शरीरात तयार होतं.

हे प्रथिन काही शत्रू नव्हे, ही गोष्ट मला सगळ्यात नवलाची वाटली. आईच्या पोटात बाळाच्या रक्तवाहिन्या त्याच्याशिवाय होतच नाहीत. जखम भरते तेव्हा तेच कामाला लागतं. एखाद्या जागी प्राणवायू कमी पडला की तिथल्या पेशी हे प्रथिन सोडतात, म्हणजे 'इकडे रक्त पाठवा' असा निरोप धाडतात. प्राणवायू आणि या प्रथिनाचं हे नातं १९९२ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या एली केशेत यांच्या गटाने दाखवलं. आपल्या बसच्या वाटेवरचं विद्यापीठ, आणि आपल्याला पत्ता नाही!

त्याआधीची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत ज्यूदा फोकमन या सर्जनने मांडलं की कॅन्सरची गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेते. त्या रोखल्या तर गाठ उपाशी राहील. हे फोकमन एका रब्बाईचे चिरंजीव. अनेकांनी तेव्हा त्यांची थट्टा केली. १९८३ मध्ये बोस्टनला हॅरल्ड ड्वोरॅक यांच्या गटाला वाहिन्या झिरपायला लावणारं एक प्रथिन सापडलं. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलिओन फेरारा यांनी वाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं काढलं. पुढे कळलं, दोन्ही एकच. त्याला धरून ठेवणारं अवास्टिन हे औषध २००४ मध्ये आतड्याच्या कॅन्सरसाठी आलं, आणि पुढच्या वर्षी डोळ्याच्या डॉक्टरांनी त्याचा एक थेंब डोळ्यात देऊन पाहिला. नंतर खास डोळ्यासाठी लुसेंटिस आणि आयलिया आली. 'मला स्वस्तातलं अवास्टिन का देतात?' असं पुष्कळ जण कुरकुरतात, मीही कुरकुरले होते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या तुलनेत अवास्टिन आणि लुसेंटिसने नजर जवळजवळ सारखीच राखली. अवास्टिनने पाणी हटलं नाही तर डॉक्टर औषध बदलतात.

आता सुई. डोळ्यात सुई म्हटल्यावर मला दोन रात्री झोप आली नाही. प्रत्यक्षात आधी बधिर करणारे थेंब घालतात, मग आयोडीनने डोळा धुतात (सगळ्यात जास्त चुरचुरतं ते हेच), आणि पांढऱ्या भागातून सुई जाते. सुई समोर दिसतही नाही. थोडा दाब जाणवतो आणि काही सेकंदांत काम होतं. एक-दोन दिवस वाळू गेल्यासारखं खुपतं. मात्र पुढच्या काही दिवसांत ठणका वाढला, लाली वाढली किंवा नजर अंधुक झाली तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच मिऊनला जा. आत जंतू गेले असतील तर तासांचा हिशेब असतो. आणि नुकताच हृदयाचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल तर इंजेक्शनआधी डॉक्टरांना सांगा.

माझी चूकही सांगते. नऊ इंजेक्शनं झाल्यावर रेघ जवळजवळ सरळ झाली होती. त्याच वेळी यजमानांचं खुब्याचं हाड मोडलं. धावपळीत मी दोन तोर रद्द केले आणि मनात म्हटलं, आता दिसतंय ना, मग कशाला टोचून घ्यायचं? अकरा आठवड्यांनी गेले तर डोळ्यात पुन्हा पाणी. तक्त्यावरच्या दोन ओळी गेल्या; एक परत आली, दुसरी आली नाही. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, 'औषध काही आठवड्यांत संपतं. तुमचा डोळा ते प्रथिन बनवायचं थांबवत नाही.' तेव्हा मला नीट कळलं. हे इंजेक्शन आजार मुळापासून काढत नाही, त्याला दाबून धरतं. पहिले काही महिने दर महिन्याला, मग डोळा कोरडा राहिला तर अंतर वाढवत नेतात. माझं आता आठ आठवड्यांवर आलंय.

ज्यांना साखर आहे, आणि आपल्यात कोणत्या घरात नाही, त्यांच्या डोळ्यातही हेच प्रथिन उपद्रव करतं. साखरेने बारीक वाहिन्या खराब होतात, पडदा उपाशी राहतो आणि तोच निरोप धाडतो. तेव्हा दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. सिगारेट ओढणाऱ्यांना मॅक्युलाचा धोका पुष्कळ जास्त. कोरड्या झिजेसाठी काही ठराविक गोळ्या असतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, शेजारणीच्या डब्यातल्या नकोत.

घरी तपासायचं कसं? वाचायचा चष्मा लावा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. मासिक हातभर अंतरावर धरा आणि ओळीच्या मध्यावर एका अक्षराकडे पाहत राहा. वरची रेघ कुठे वाकते, तुटते, की मध्ये डाग येतो ते बघा. मग दुसरा डोळा. डॉक्टरांकडे यासाठी चौकटींचा कागद मिळतो, तो फ्रिजवर लावा.

दादाचा डावा डोळा अजून कोरडा आहे. दर शुक्रवारी मेणबत्त्या लावायच्या आधी त्याचा फोन येतो. शब्बाथ शालोम म्हणायच्या आधी तो सांगतो, 'बाय, रेघ सरळ आहे.' मग मी माझी सांगते.