गोल्फ क्लब खुळखुळतोय?

क्लब हलवला की डोक्यात काहीतरी खुळखुळतं. बहुतेकदा तो वाळलेल्या इपॉक्सीचा सुटलेला कण असतो. वैताग आणणारा, पण निरुपद्रवी.

डोकंच दांड्यावर फिरू लागलं, तर मात्र तो क्लब लगेच बाजूला ठेवावा. दोघांना धरून ठेवणारा इपॉक्सीचा थर उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत कमकुवत होतो, आणि फटक्यासरशी सुटलेलं डोकं कुणाचंही कपाळ फोडू शकतं. कारागीर डोकं काढून, जुना गोंद दोन्हीकडून खरवडून ते नव्याने चिकटवतो. सांध्यावरची काळी प्लास्टिकची कडी, म्हणजे फेरूल, शोभेचीच. पण ती वर सरकली, तर डोकंही तपासावं.

ड्रायव्हरचा स्क्रू ढिला असेल, तर कंपनीचा टॉर्क पाना ‘टक्’ करेपर्यंत आवळला की झालं.

आदळआपट न करता मोडलेला क्लब फेरीदरम्यान दुरुस्त करायला, 2023 पासून बदलायलाही, नियमांची मुभा आहे.