लिहायचंय, पण कथा की कविता?

लिहू लागताना : भाग चौथा

मागच्या भागात आपण विषय निवडला आणि त्याबद्दल जे जे आठवतं, ऐकलंय, पाहिलंय ते सगळं वहीत उतरवून काढलं. आता वहीची दहाबारा पानं भरली आहेत आणि प्रकल्पाच्या कागदावरचा 'साहित्यप्रकार' हा रकाना समोर आहे. बरेच विद्यार्थी हा रकाना विषयाच्याही आधी भरून मोकळे होतात. कविता वाचायला आवडते म्हणून कविता. मैत्रीण कथा लिहिते आहे म्हणून कथा. मग सामग्री त्या साच्यात बसवताना निम्मं चांगलं बाहेर सांडतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की रकाना आणखी एक आठवडा रिकामा ठेवा आणि वहीतल्या सामग्रीला तीन प्रश्न विचारा. तुमच्या मनाला यात कशाने धरून ठेवलंय? हे कोण सांगतंय, आणि किती अंतरावरून? खरेपणाबाबत वाचकाला तुम्ही कोणता शब्द देणार आहात? प्रकार आणि शैली या दोन्हींचा निर्णय या उत्तरांतून होतो.

पहिल्या प्रश्नासाठी व्यंकटेश माडगूळकरांकडे जाऊ. माणदेश हा त्यांचा मुलूख, तिथली कोरडवाहू माणसं हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. १९४९ साली त्यांचं 'माणदेशी माणसं' हे पुस्तक आलं. ती व्यक्तिचित्रं आहेत. एकेक माणूस समोर येतो, त्याचं चालणंबोलणं, त्याची अडचण, त्याचा मानीपणा दिसतो आणि चित्र पुरं होतं. १९५५ साली त्याच मुलखातून 'बनगरवाडी' आली, ती मात्र कादंबरी. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, बंद पडलेली शाळा सुरू करू पाहतो, वाडी त्याला हळूहळू आपला म्हणते, तालीम उभी राहते, आणि शेवटी दुष्काळात वाडीच उठून जाते. इथे कोणा एका माणसापेक्षा वाडीवरून जाणारा काळ महत्त्वाचा आहे. काळ दाखवायचा तर ऋतू बदलावे लागतात, नाती जुळावी लागतात, तुटावी लागतात. व्यक्तिचित्राच्या चार पानांत हे मावलं नसतं. आणि 'माणदेशी माणसं'मधल्या एखाद्या माणसाला ओढूनताणून कादंबरीचा नायक केलं असतं, तर त्याच्यातला जिवंतपणा पातळ झाला असता.

पुढे हेच माडगूळकर विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात राहिले. तिथल्या मुक्कामाबद्दल त्यांनी 'नागझिरा' लिहिलं, ते स्वतःच्या अनुभवाचं कथन. वानरांच्या टोळ्यांमधला सत्तेचा झगडा मात्र त्यांनी 'सत्तांतर' या छोट्या कादंबरीत मांडला. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जंगलात मी काय पाहिलं हे सांगायचं असेल तर 'मी' हवा. वानरांच्या जगात काय चालतं हे सांगायचं असेल तर त्या 'मी'ने बाजूला व्हायला हवं. लेखक एक, ओढ एक, पण प्रत्येक पुस्तकाने आपापला प्रकार मागून घेतला.

आता तुमच्या वहीकडे येऊ. समजा, वहीत गावातली पिठाची गिरणी आहे. आजोबांनी ती पस्तीस वर्षं चालवली. मग घरोघरी घरघंटी आली, दुकानात पिठाच्या पिशव्या आल्या, आणि गिरणीत दिवसाला चारदोन डबे येऊ लागले. या सामग्रीतून काय काय होऊ शकतं?

तुम्हाला आजोबाच पुन्हा पुन्हा दिसत असतील, त्यांच्या भुवयांवरचं पीठ, डबा पाहूनच तो कुठल्या घरचा ते ओळखणं, तर व्यक्तिचित्र लिहा. गिरणी विकायची ठरली त्या एका संध्याकाळी घरात काय झालं हे डोक्यातून जात नसेल, तर ती कथा आहे. कारण तिथे एक निर्णय आहे आणि त्या निर्णयानंतर कोणीच पूर्वीसारखं उरत नाही. आजोबा, मुलगा आणि गिरणीची जागा विकत घ्यायला आलेला माणूस एकाच ठिकाणी बोलत बसले आहेत आणि सगळा ताण त्यांच्या बोलण्यातच आहे असं वाटत असेल, तर एकांकिका करून पाहा. तालुक्यातल्या गिरण्या का बंद पडल्या, वीजबिल किती यायचं, दळणाचा दर कसा बदलला, हे शोधावंसं वाटत असेल तर रिपोर्ताज लिहा. आणि यातलं काहीच नको असेल, फक्त ती घरघर, तो गरम पिठाचा वास आणि नंतरची शांतता एवढंच मनात असेल, तर कवितेकडे जा. कवितेला घटना लागतेच असं नाही, पण तिला नेमकेपणा लागतो. मोठ्या विषयावरची एक लांबलचक कविता लिहिण्यापेक्षा एकाच जागेभोवती फिरणाऱ्या पाच छोट्या कविता विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला जास्त शोभतात.

दुसरा प्रश्न निवेदकाचा. तो विद्यार्थ्यांकडून सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ची रचना आठवा. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो आणि पुस्तकाची प्रकरणं म्हणजे त्या रात्री. आईबद्दल लिहिताना कढ येणं स्वाभाविक आहे. पण समोर ऐकणारे बसले आहेत आणि गोष्ट रात्रीपुरती आहे, या दोन मर्यादांनी त्या भावनेला आकार दिला. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघं एकच आहेत, तरी ज्याने सोसलं तो आणि शिकून शहरात आलेला, अशी दोन माणसं त्या रचनेमुळे समोरासमोर बसली. आत्मकथनात स्वतःकडे कुठून पाहायचं हा अवघड प्रश्न त्यांनी रचनेतूनच सोडवला. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये यमूलाच बोलायला लावलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायकांच्या हालांवर निबंध लिहिले जात होतेच. पण ते हाल जिच्या वाट्याला आले तिच्या तोंडून कादंबरीभर ऐकणं हा वाचकासाठी निराळाच अनुभव होता.

शैली इथूनच येते. 'माझी शैली कशी असावी?' असं विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी उलट विचारते, 'बोलतंय कोण?' गिरणीतला एकच क्षण तीन तोंडांनी ऐकून पाहा.

त्रयस्थ निवेदक : पट्टा निसटला तेव्हा गिरणीत दोनच डबे होते. एक पाटलांच्या आजीचा, एक घरचा. नारायणने मोटर बंद केली, पट्टा चढवला आणि आजीचा डबा आधी घेतला.

स्वतः गिरणीवाला : पट्टा निसाटला तवा दोनच डबं व्हतं बघा. एक पाटलाच्या म्हातारीचा, एक आमचा. म्हातारीचा आधी घेतला. आपलं काय, आपल्याला कुठं जायाचंय?

नात, बऱ्याच वर्षांनी : आजोबा सांगायचे, दिवाळीच्या आठवड्यात रांग रस्त्यापर्यंत जायची. मला आठवतात ते दोन डबे. त्यातला एक आमचाच होता, हे मला फार उशिरा कळलं.

घटना तीच आहे. पहिल्यात निवेदक मन उघडं करत नाही, गिरणीवाल्याचा स्वभाव कृतीतून वाचकाने ओळखायचा आहे. दुसऱ्यात तो आपली हार हसत बोलून जातो आणि आपण काय बोललो हे त्याला कदाचित ठाऊकही नाही. तिसऱ्यात मधली वर्षं आली, त्यामुळे दुःख घटनेतून सरकून उमगण्यात गेलं. तिन्हींत अलंकार जवळजवळ नाहीत. 'विरहाच्या दाट धुक्यात हरवलेली गिरणी' असलं काही लिहिण्याचा मोह होईल, तेव्हा हे बोलणाऱ्याच्या तोंडी शोभतं का, एवढंच विचारा. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचं शिक्षण मिळालं नव्हतं. त्यांची 'स्मृतिचित्रे' आजही ताजी वाटतात, कारण त्या जशा बोलत असतील तशाच तिथे लिहितात.

बोलीबद्दल एक नक्की करून घ्या. आनंद यादवांनी 'गोतावळा' (१९७१) ही कादंबरी निवेदनासकट ग्रामीण बोलीत लिहिली. माडगूळकरांनी 'बनगरवाडी'चं निवेदन प्रमाण भाषेत ठेवलं आणि माणसांना त्यांच्या बोलीत बोलू दिलं. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, पण एकाच कथेत विनाकारण वाट बदलू नका. आणि जी बोली कानाने ऐकलेली नाही ती लिहू नका. 'व्हतं', 'नाय' असे चार शब्द पेरून वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी होत नाही. उलट ज्यांची ती भाषा आहे त्यांचा तो अपमान ठरतो. तुमच्या घरात मात्र अशी बोली असेल, तर ती तुमची श्रीमंती आहे. मार्क जातील या भीतीने ती पुसू नका.

तिसरा प्रश्न खरेपणाचा. रिपोर्ताज, प्रवासवर्णन, आत्मकथन असं वर लिहिलंत की हे घडलेलं आहे असा शब्द तुम्ही वाचकाला दिलात. मग न बोललेली वाक्यं कोणाच्या तोंडी घालायची नाहीत. दि. बा. मोकाशी आळंदीहून पंढरपूरला पालखीबरोबर चालले आणि मग त्यांनी 'पालखी' (१९६४) लिहिलं. त्या पुस्तकाचं बळ त्या चालण्यात आहे. तुम्हाला आजोबांच्या मनातलं बोलायचं असेल, शेवट बदलायचा असेल, घरातली कोणाला न सांगण्याजोगी गोष्ट सांगायची असेल, तर कथेकडे जा, नावं बदला, गाव बदला. दोन्हींत खोटेपणा नाही. एकाचा शब्द देऊन दुसरं लिहिणं हा खोटेपणा आहे.

बरेच जण दबकत विचारतात की भयकथा, रहस्यकथा किंवा विज्ञानकथा लिहिली तर चालेल का. जरूर लिहा. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी या वाटेवर मनापासून काम केलं आहे. जयंत नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती. नावाच्या वलयाशिवाय गोष्ट उभी राहते का, हे त्या निवडीमुळे कळू शकलं. फक्त हे प्रकार शिस्तीचे कडक आहेत हे ध्यानात ठेवा. विज्ञानकथेत एकच कल्पना अशक्यप्राय असू द्या आणि बाकी सगळं तिच्या नियमांनी चालू द्या. रहस्यकथेत उत्तराचा धागा वाचकाच्या डोळ्यांसमोरून आधी गेलेला असला पाहिजे. भयकथेला ओळखीची जागा लागते. परदेशातल्या ओसाड वाड्यापेक्षा रात्री दोन वाजता आपोआप सुरू झालेली आपल्याच गावातली गिरणी जास्त घाबरवते.

शेवटी आवाक्याचा हिशोब. प्रकल्पाला साधारण दोनतीन हजार शब्द आणि पाचसहा आठवडे असतात. एवढ्यात कादंबरी होत नाही, आणि कादंबरीचं पहिलं प्रकरण दिलं तर ते अर्धवटच वाटतं. एक कथा, एक व्यक्तिचित्र, छोटी एकांकिका, एक रिपोर्ताज किंवा कवितांची मालिका, यांतलं जे निवडाल ते पूर्ण करता आलं पाहिजे. पूर्ण केलेल्या छोट्या लेखनातून जे शिकायला मिळतं ते सोडून दिलेल्या मोठ्यातून मिळत नाही. नाटकाकडे ओढ असेल तर पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांतल्या एकांकिका प्रत्यक्ष बघा. जे दिसत नाही आणि ऐकू येत नाही ते रंगमंचावर नसतंच, हे तिथे पटकन कळतं.

या आठवड्याचा सराव असा. वहीतला एकच प्रसंग घ्या आणि त्याचे पहिले दीडशे शब्द तीन वेळा लिहा. दोनदा निवेदक बदलून आणि एकदा प्रकारच बदलून. नंतर तिन्ही मोठ्याने वाचा, शक्यतो कोणासमोर. जो तुकडा वाचताना पुढचं वाक्य आपोआप तोंडात येईल, तो तुमचा. मग तो रकाना बिनधास्त भरा. शिक्षकांनी 'हाच प्रकार का?' असं विचारलं, तर 'आवडतो म्हणून' याच्या पुढे जाऊन तुमच्याकडे सांगण्यासारखं कारण असेल, आणि त्या कारणाच्या बळावर मधल्या कंटाळ्याच्या दिवसांतही लेखन पुढे जाईल. पुढच्या भागात पहिल्या खर्ड्याबद्दल बोलू : सुरुवात कुठून करायची आणि तिथेच का.